अर्धवट खोप्याचा अर्थ लावणारा पक्षीतज्ज्ञ

पावसाळा ओसरून शरदाचे स्वच्छ ऊन पडू लागले की कोल्हापूरच्या आसपासच्या शिवारांत एक दृश्य हमखास दिसते. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे वाऱ्यावर हेलकावत असतात. पिले केव्हाच उडून गेलेली असतात. विणताना हिरवे असलेले गवत वाळून तांबूस पिवळे झालेले असते. थोडे थांबून पाहिले, तर या खोप्यांत दोन प्रकार दिसतात. काही खोपे पुरे झालेले, खाली लांब नळी सोडलेले असतात. काही मात्र अर्धेच राहिलेले, तळाशी उघडे, टोपीसारखे दिसतात आणि त्यांच्या तोंडाशी झोक्याच्या दोरीसारखी एकच आडवी पट्टी असते. पाहणाऱ्याला वाटते, पाऊस लागला असेल, कावळ्याने मोडले असेल किंवा पक्ष्याला कंटाळा आला असेल.

या अर्धवट खोप्यांना एक निश्चित अर्थ आहे. तो अर्थ सुमारे ९५ वर्षांपूर्वी कोकणातल्या एका किनारी गावात नोकरी गमावून बसलेल्या एका तरुणाने लावला. त्याच्याजवळ प्राणिशास्त्राची पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, मदतनीसांचा ताफा नव्हता. होती ती घराजवळची सुगरणींची वसाहत, एक वही आणि अमाप चिकाटी. तो तरुण म्हणजे डॉ. सलीम अली. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस. ज्येष्ठ निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरचा. या दोन तारखांच्या दरम्यानचा आठवडा 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये घेतला. थंडीचे पाहुणे पक्षी दाखल होण्याचा हाच हंगाम. रंकाळ्याच्या काठावर, कळंबा तलावावर, राजाराम तलावाजवळ आणि शिवाजी विद्यापीठाच्या विस्तीर्ण परिसरात गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसे या दिवसांत पहाटेच दिसू लागतात. यांतील बहुतेकांच्या छंदाचे मूळ थेट किंवा आडवळणाने सलीम अली यांच्यापर्यंत जाऊन पोहोचते.

छऱ्याच्या बंदुकीने उघडलेले दार

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत १८९६ साली झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वयाच्या पहिल्याच वर्षी वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या पोरक्या मुलांना वाढवले. घर माणसांनी भरलेले होते. मामांना शिकारीचा नाद होता आणि त्या काळच्या सुखवस्तू घरांत मुलांच्या हाती छऱ्याची बंदूक देणे ही नवलाची गोष्ट नव्हती. सलीमच्याही हाती ती आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा आवडता खेळ झाला.

दहा-बारा वर्षांचा असताना एके दिवशी त्याने पाडलेली चिमणी नेहमीसारखी दिसली नाही. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मुलगा ती घेऊन मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत तेव्हा साहेबांचेच राज्य होते. बुजऱ्या मुलाने कागदात गुंडाळलेली चिमणी पुढे केली. मिलार्ड यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले आणि तेवढ्यावरच न थांबता कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेल्या शेकडो पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी टिकवून नमुने कसे तयार करायचे हे शिकवण्याची व्यवस्था केली. त्या मुलाच्या डोळ्यांसमोर एक नवेच जग उघडले. पुढे आत्मचरित्र लिहिताना सलीम अली यांनी त्याच्या नावात याच चिमणीचा उल्लेख केला. ते आत्मचरित्र १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पक्ष्यांचे वेड लागले, पण शिक्षणाची गाडी रुळावर नव्हती. डोकेदुखीच्या आजाराने शाळा वारंवार बुडत होती. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. महाविद्यालयात मन रमेना, तेव्हा कुटुंबाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात हातभार लावण्यासाठी त्यांना ब्रह्मदेशातील तावोय येथे पाठवण्यात आले. भोवती घनदाट जंगल आणि त्यात नाना पक्षी. धंद्याकडे लक्ष कमी आणि झाडांकडे जास्त, अशी अवस्था झाली. १९१७ मध्ये ते मुंबईस परतले. व्यवहारी उपयोग म्हणून त्यांनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबाचे शिक्षण घेतले, तर सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राच्या वर्गांना हजेरी लावली. १९१८ च्या अखेरीस तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी नसल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षीतज्ज्ञाच्या जागेसाठी त्यांचा विचार झाला नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागाची माहिती देणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी त्यांना मिळाली. त्याच त्याच गोष्टी सांगून दोन वर्षांतच ते कंटाळले आणि अभ्यासासाठी रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान हे त्यांना गुरू लाभले. पक्षीशास्त्र म्हणजे केवळ मेलेल्या पक्ष्यांची मोजमापे घेणे नव्हे, तर जिवंत पक्ष्याचे वागणे समजून घेणे, ही दृष्टी त्यांना तेथे मिळाली. हेल्गोलँड बेटावर स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे कामही त्यांनी पाहिले.

किहीमचा पावसाळा

१९३० मध्ये ते परतले तेव्हा संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. वय चौतिशीकडे झुकलेले, संसार मांडलेला, परदेशात शिकून आलेले आणि हाती काम नाही. मुंबईत राहणे परवडेना म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. आयुष्याच्या या टप्प्यावर अनेकांनी पक्ष्यांचा नाद सोडून हिशेबाच्या वह्या हाती घेतल्या असत्या. सलीम अली यांच्या घराजवळच्या झाडांवर त्या पावसाळ्यात सुगरणींची वसाहत भरली होती. त्यांनी रोज तासन् तास तिच्यासमोर बसायला सुरुवात केली.

सुगरण हा मराठी माणसाचा लाडका पक्षी. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेने त्याचा खोपा घराघरांत पोहोचवला. नावापासून कौतुकापर्यंत सारे श्रेय आपण मादीला देतो. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. गवताच्या किंवा भाताच्या पातीला चोचीने खाच पाडून तो लांब धागा फाडून काढतो आणि शेकडो फेऱ्या मारून विणकाम करतो. किहीमच्या वहीत दिवसामागून दिवस जमत गेलेल्या नोंदींतून याच्याही पुढची गोष्ट उलगडली. नर आधी अर्धाच खोपा बांधतो. तो टोपीच्या आकाराला आला की वसाहतीत माद्यांचे आगमन होते. नर पंख फडफडवून त्यांना बोलावतात. माद्या खोप्यात शिरून पाहणी करतात. पसंत पडला तर मादी तो ताब्यात घेते आणि जोडी जमते. मग नर उरलेले काम, म्हणजे अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी, पूर्ण करतो. मादी अंडी उबवायला बसली की हा गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. ज्याचा खोपा कोणाही मादीला पसंत पडत नाही, त्याचे काम टोपीवरच थांबते.

बाभळीवर लटकणाऱ्या अर्धवट खोप्यांचे रहस्य बहुतांशी हे आहे. ते पावसाने अडवलेले काम नव्हे. त्यांतील पुष्कळसे माद्यांनी नाकारलेली स्थळे असतात. सुगरणीच्या वीणकाळाचे सलीम अली यांनी केलेले हे वर्णन सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले आणि पक्षीशास्त्राच्या जगात त्यांचे नाव झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा पक्षी दुर्मिळ नव्हता. भारतातल्या लाखो शेतकऱ्यांनी तो जन्मभर पाहिला होता. फरक एवढाच की, आज काय दिसले आणि काल काय दिसले होते, हे तारीखवार लिहून ताडून पाहणारा माणूस किहीमला भेटला.

पत्नीची साथ आणि अकाली ताटातूट

काम नव्हते, पण कामाची कल्पना होती. देशातील अनेक संस्थानांत पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी झालेलीच नव्हती. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च संस्थानाने करावा, आपण मोबदला न घेता पाहणी करून देऊ, असा प्रस्ताव सलीम अली यांनी मांडला. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. त्यानंतर त्रावणकोर व कोचीन, मध्य भारत, म्हैसूर, गुजरात, कच्छ अशी संस्थानांमागून संस्थाने त्यांनी पालथी घातली. बैलगाडीचा प्रवास, तंबूतला मुक्काम, पहाटे रानात आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी, असा हा क्रम होता. इंग्लंडमध्ये शिकलेल्या तेहमिना या खडतर भटकंतीत सोबत राहिल्या. मुक्कामाची व्यवस्था त्या पाहत आणि पतीच्या इंग्रजी लेखनाला वळण लावण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. हा आघात सलीम अली यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा ठरला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन यांच्याकडे वांद्र्याच्या पाली हिलवर ते राहू लागले आणि उरलेली ४८ वर्षे त्यांनी पक्ष्यांना दिली. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, सामान्य वाचकाला पक्षी ओळखायला शिकवणारे त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले. त्याच्या आवृत्त्या आजही निघतात. तुरुंगात असलेल्या पंडित नेहरूंनाही ते पुस्तक आवडले आणि त्यांनी ते इंदिरा गांधींपर्यंत पोहोचवले. स्वातंत्र्यानंतर अडचणीत आलेल्या सोसायटीला सरकारी मदत मिळाली, त्यामागे हा स्नेह होता.

चूक दाखवण्याचे धैर्य

सलीम अली यांच्या स्वभावाचा एक विशेष त्यांच्या उमेदीच्या काळातच दिसला होता. ह्यू व्हिस्लर हे पंजाबात पोलीस अधिकारी राहिलेले गृहस्थ भारतीय पक्ष्यांवरील अधिकारी लेखक मानले जात. दाजीपूरच्या रानात दिसणारा भृंगराज कोल्हापूरच्या पक्षीमित्रांना परिचित आहे. त्याच्या शेपटीतून दोन तारा निघतात आणि त्यांच्या टोकाला पानासारखी पिसे असतात. या पिसांच्या पिळासंबंधी व्हिस्लर यांनी केलेले वर्णन बरोबर नाही, असे तोवर फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या सलीम अली यांनी नियतकालिकाला लिहून कळवले. ब्रिटिश अमदानीत एका अननुभवी भारतीयाने साहेबाची चूक काढली होती. व्हिस्लर प्रथम रागावले. नंतर त्यांनी आपल्या संग्रहातील नमुने पुन्हा तपासले आणि चूक मान्य केली. पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली आणि हैदराबादपासूनच्या पाहण्यांत व्हिस्लर यांनी नमुन्यांच्या अभ्यासाची बाजू सांभाळली. पक्षी काय सांगतो तेच खरे, सांगणारा कोण हे गौण, हा नियम दोघांनीही पाळला होता.

हा नियम मोडला की काय होते, याचेही उदाहरण सलीम अली यांच्या सहवासातलेच आहे. १९३७ मध्ये ते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. या कर्नलचा पक्षीशास्त्रात मोठा दबदबा होता. त्यांनी इतरांचे नमुने चोरून त्यांवर खोटी ठिकाणे आणि खोट्या तारखा लिहिल्याचे, दोघांच्याही मृत्यूनंतर, १९९० च्या दशकात उघड झाले. रानपिंगळा हे दुर्मिळ घुबड गुजरातेत सापडल्याची त्यांची नोंद अशीच बनावट निघाली. ती नोंद बाजूला सारून जुन्या अस्सल नोंदींच्या आधारे शोध घेतल्यावर, १९९७ मध्ये, शंभराहून अधिक वर्षे कोणालाही न दिसलेला रानपिंगळा महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, पुन्हा सापडला. एका खोट्या चिठ्ठीने एक अख्खा पक्षी दीर्घकाळ हरवून ठेवला होता.

पायातले कडे आणि माकडताप

नवरात्राच्या सुमारास रंकाळ्याच्या काठी शेपटी वरखाली करत धावणारा धोबी दिसू लागतो. शिवारात भोरड्यांचे थवे उतरतात. तलावांच्या उथळ कडेला तुतवार, तर पाण्यावर थापट्यासारखी बदके येतात. हे पाहुणे उत्तरेकडून येतात एवढे पूर्वीही माहीत होते. नेमके कोठून आणि कोणत्या वाटेने, हे सांगण्यासाठी पक्षी पकडून त्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालणे आणि तो दूर कोठे सापडतो याची वाट पाहणे एवढाच उपाय होता. हे काम भारतात मोठ्या प्रमाणावर व्हावे, अशी सलीम अली यांची जुनी इच्छा होती. पैसा मात्र नव्हता.

तो आला एका रोगाच्या निमित्ताने. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात, माकडे मरू लागली आणि माणसांना जीवघेणा ताप येऊ लागला. विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांमधून तो आला असावा काय, अशी शंका निर्माण झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेने पक्ष्यांच्या अभ्यासाला निधी दिला. पक्ष्यांनी रोग आणला हे सिद्ध झाले नाही, परंतु त्या निमित्ताने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी पडली. भरतपूरला कडे घातलेली बदके सायबेरियात सापडली. आकाशातल्या वाटा प्रथमच नकाशावर उमटू लागल्या. हाच माकडताप पुढे उत्तरेकडे सरकत २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे आपल्या चंदगडच्या शेजारी, येऊन ठेपला. जंगलातील जीवांच्या नोंदी ठेवणे हा हौशी लोकांचा रिकामा उद्योग नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

शिकारीच्या रानापासून अभयारण्यापर्यंत

दाजीपूरचे रान एके काळी कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ मध्ये गव्यांसाठी तेथे अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत राधानगरी अभयारण्याचा समावेश झाला. राजांनी शिकारीसाठी राखले म्हणून जे जंगल उरले, तेच पुढे वन्यजीवांचा आसरा ठरले, ही कोल्हापूरची कथा राजस्थानातील भरतपूरशी मिळतीजुळती आहे. भरतपूरच्या महाराजांची पाणथळ तेथील बदकांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एकाच दिवसात ४ हजार २७३ पक्षी मारले गेले. त्याचा शिलालेख आजही तेथे उभा आहे.

ही पाणथळ वाचावी म्हणून सलीम अली यांनी आपले सारे वजन खर्च केले. स्वातंत्र्यानंतर ती काढून टाकून शेतीला द्यावी, अशी मागणी होत होती. ती टळली. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सलीम अली स्वतः आयुष्यभर बंदूक वापरत होते. अभ्यासाचे नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी असंख्य पक्षी मारले आणि त्याबद्दल कधी लपवाछपवी केली नाही. शास्त्रासाठी मर्यादित नमुने घेणे आणि मौजेखातर कत्तल करणे, यांत ते फरक करत. आजच्या पक्षीमित्राला हे खटकेल. परंतु आज दुर्बिणीतून पाहून पक्ष्याचे नाव सांगता येते, ते त्या नमुन्यांवरून तयार झालेल्या पुस्तकांमुळे, हेही विसरता येत नाही.

भरतपूरनेच त्यांच्या आयुष्यातील अखेरचा आणि सर्वांत अवघड धडा दिला. १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशींच्या चराईवर बंदी आली. चराईने पक्ष्यांचे नुकसान होते, असे सलीम अली यांचे ठाम मत होते आणि बंदीला त्यांचा पाठिंबा होता. पिढ्यान् पिढ्या तेथे गुरे चारणारे गावकरी संतप्त झाले. संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे बळी गेले. दुसरीकडे सोसायटीने १९८० पासून या पाणथळीचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला होता आणि त्याची धुरा प्रारंभी खुद्द सलीम अली यांच्याकडेच होती. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून जे दिसले ते अनपेक्षित होते. म्हशी गेल्यावर पाण्यात गवत बेसुमार माजले, मोकळे पाणी घटले आणि बदकांना जागा उरेना. म्हशी त्या पाणथळीच्या शत्रू नव्हत्या. त्या तिच्या व्यवस्थेचा भाग बनलेल्या होत्या.

अभ्यासाचा अंतिम अहवाल आला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. देशातील सर्वांत मोठ्या पक्षीतज्ज्ञाचे मत त्यांच्याच संस्थेने, त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीने, चुकीचे ठरवले. यात त्यांचा पराभव पाहणारे पाहोत. व्हिस्लर यांची चूक दाखवणाऱ्या तरुणाने जो नियम घालून दिला होता, तोच साठ वर्षांनी त्याच्या स्वतःच्या मताला लावला गेला. मात्र त्या चुकीची किंमत ज्यांनी मोजली ते गावकरी होते, याचाही विसर पडता कामा नये. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना बाजूला सारून निर्णय घेण्याआधी नीट पाहायला हवे, हा भरतपूरचा धडा राधानगरीच्या परिसरालाही तेवढाच लागू आहे.

मोटारसायकल, पुरस्कार आणि अखेर

सलीम अली अंगाने बारीक, वागण्यात शिस्तीचे आणि वेळेचे पक्के होते. मोटारसायकलचा त्यांना विलक्षण शौक होता. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे आंतरराष्ट्रीय पक्षीशास्त्र परिषद भरली, तेव्हा ते आपली सनबीम मोटारसायकल जहाजातून युरोपात घेऊन गेले आणि तिच्यावरून परिषदेला पोहोचले. हा गृहस्थ भारतातून थेट दुचाकीवरच आला, असा तेथे काहींचा समज झाला. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्यासमवेत लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. त्याचा अखेरचा खंड आला तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान झाले. १९७६ मध्येच ५० हजार डॉलरचा पॉल गेटी पुरस्कार मिळाला. ती रक्कम त्यांनी निसर्गसंरक्षणाच्या कामासाठी सोसायटीच्या हवाली केली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणापासून वाचवण्याच्या लढ्यात त्यांनी आवाज उठवला. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. प्राणिशास्त्राची पदवी नाही म्हणून ज्याला सरकारी नोकरी मिळाली नव्हती, त्याला विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिल्या. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. तो पावसाळ्याचा प्रारंभ होता. किहीमच्या आणि कोल्हापूरच्या शिवारांत सुगरण नर नवे खोपे विणायला घेतात, तेच ते दिवस.

आज छायाचित्रणाची साधने स्वस्त झाली आहेत. पक्ष्याचे सुंदर छायाचित्र घेणे हेच पक्षीनिरीक्षण, असा समज वाढत आहे. छायाचित्र अवश्य घ्यावे. पण सलीम अली यांचे मोठेपण ज्या गोष्टीत होते, तिला कॅमेरा लागत नाही. एकच जागा, तीच वेळ, वर्षानुवर्षे आणि प्रत्येक नोंदीखाली खरी तारीख. रंकाळ्यावर यंदा पहिला धोबी कोणत्या दिवशी दिसला, गेल्या वर्षी तो कधी आला होता, कळंब्यावरची बदके वाढली की घटली, या प्रश्नांची उत्तरे नियमित फिरायला जाणारा कोणताही कोल्हापूरकर देऊ शकतो. दहा-पंधरा वर्षांनी याच नोंदी तलावाच्या आरोग्याविषयी शासनाच्या अहवालाइतकेच मोलाचे काही सांगतील.

यंदाच्या पक्षी सप्ताहात दूरच्या अभयारण्यात जाणे जमले नाही तरी हरकत नाही. एखाद्या सकाळी शहराबाहेरच्या विहिरीपर्यंत जावे, बाभळीवरचे पुरे खोपे किती आणि अर्धे किती ते मोजावे आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा. पुढच्या शरदात त्याच झाडाखाली पुन्हा उभे राहावे. सलीम अली यांना वाहिलेली याहून साधी आणि याहून त्यांना पटणारी आदरांजली दुसरी नसेल.